मालकीणबाई

"वाच. मोठ्यानं वाच."

विलास सुपरवायझरनं पाटी दोन बोटांनी उचलून माझ्या तोंडासमोर धरली. पाटी माझ्याच गळ्यात होती, त्यामुळं दोरीबरोबर माझी मानही पुढं ओढली गेली. मी संडासातून परत येत होते. हात ओले होते. समोर बाकांवर सगळ्या बाया, मागं प्रेसवरचे पुरुष. मशिनी चालू होत्या, तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज त्यानं काढला होता.

मी वाचलं. "ही कंपनी माझी आहे. माझं प्रत्येक मिनिट माझ्या कंपनीसाठी."

"कुणाची कंपनी?"

"माझी."

"मग मालकीणबाई, मालक कधी एवढा वेळ संडासात बसतो का?"

प्रेसवरचे हसले. बाकांवरच्या काही बायाही हसल्या. त्यांचा मला राग आला नाही. हसलं नाही तर पुढची पाळी आपली, हे त्यांना ठाऊक होतं. मी पाटी काढून खिळ्याला अडकवली, जागेवर जाऊन बसले, कात्री उचलली. पहिलीच रबराची रिंग आतपर्यंत कापली गेली, वाया गेली. तीही माझ्याच कंपनीची.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. पाणी मागितलं की, मालकीणबाईंना पाणी द्या. गाडीत चढले की, मालकीणबाईंना जागा द्या. मारलेलं एक वेळ दिसतं, दाखवता येतं. हे दाखवायचं कुणाला? नाव तर मोठंच दिलं होतं.

मी शेणव्याच्या पुढच्या डोंगरातली. आमचा ठाकरांचा पाडा. उतारावर नाचणी-वरी, खाली ओहळाला लागून भाताची दोन खाचरं. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले. पाड्यावर बारावी झालेल्या मुली थोड्या, म्हणून मला वाटायचं मी कुठंतरी खुर्चीवर बसेन. बसले बाकावर. आटगावच्या बाजूला एक रबराची कंपनी आहे, तिथं कुकरच्या रिंगा होतात. झाकणात बसवायची ती काळी रिंग. पुरुष गरम प्रेसवर रिंगा काढतात, आम्ही बाया रिंगेच्या कडेला चिकटून राहिलेलं जास्तीचं रबर कात्रीनं कापतो. आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या. कंपनीच्या कागदावर आम्ही नाहीच. रबराचा वास केसांत बसतो, तो शिकेकाईनंही जात नाही.

तरी सुरुवातीला काम मला आवडायचं. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी कापलेली रिंग मी बोटानं फिरवून बघायची. कुठं टोचायची नाही. कुठल्या तरी घरात या रिंगेनं शिटी धरणार, भात शिजणार. मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं माझं स्वतःचं होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग ते शिकवायला माणूस आला.

मुंबईहून आला. जेवणाच्या शेडमध्ये आम्हाला सतरंजीवर बसवलं. त्याच्या गळ्याला माइक अडकवलेला. तो म्हणाला, तुम्ही नोकर नाही आहात, तुम्ही मालक आहात. ही कंपनी म्हणजे परिवार. मालकासारखा विचार करा, मालकासारखं काम करा. आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मग प्रत्येकाचा हात रंगात बुडवून भिंतीवर छाप घेतला आणि छापाखाली नाव लिहिलं. एचआरच्या मॅडम फोटो काढत होत्या.

मी हात पुढं केला तेव्हा जरा थबकलेच. आमच्यात लग्नाच्या घराला हाताचे छाप मारतात, ते चांगलं. पण आमच्या आज्यानं कधीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून अंगठा दिला होता, आणि ओहळाच्या पलीकडचं आमचं खाचर त्यानंतर आमचं राहिलं नव्हतं. तेव्हापासून घरात कुणी हात धरून छाप घ्यायला लागला की आम्ही आधी हात मागं ओढतो. मी मॅडमकडं बघितलं. मॅडम हसल्या. मी छाप दिला.

आणि खोटं नाही सांगत, भिंतीवर माझं नाव बघून मला छाती भरून आल्यासारखं झालं. घरी जाऊन मी बाला सांगितलं. आता आमी मालक हाओत म्हनून सांगितलं. बा नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मालक झालीस तं चावी दिली का?"

"कसली चावी?"

"कसली पन. मालकाकडं चावी असते."

मी चिडले त्याच्यावर. याला काही चांगलं बघवत नाही असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर बाईगार्डनं माझ्या कमरेवरून हात फिरवला, डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, तेव्हा मला ती चावी आठवली. जाताना-येताना दोन्ही वेळा झडती. आधीही होतच होती. आधी मी कामगार होते, झडती दिली की विसरायची. आता मालक म्हणून झडती देत होते, तर ती अंगाला लागायला लागली.

मग पाटी आली.

आधी असं होतं की शेजारणीला सांगायचं आणि जाऊन यायचं. आता लाल प्लास्टिकची एक पाटी केली, तिला दोरी लावली, विलासच्या टेबलामागं खिळा ठोकून अडकवली. जिला जायचं तिनं ती गळ्यात घालायची. सगळ्या बायांत मिळून एकच. एक जण परत येईपर्यंत दुसरीनं उठायचं नाही. मॅडमनी समजावून सांगितलं की हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. आग लागली तर कोण आत, कोण बाहेर, हे कळायला पाहिजे. तेव्हापासून 'तुमच्यासाठी' हा शब्द ऐकला की मी आधी दाराकडं बघते.

प्रेसवरच्या पुरुषांना पाटी नव्हती. ते तंबाखू मळत बाहेर जायचे, येताना कंपाउंडला थुंकून यायचे. आग लागली तर ते सापडले नसते तरी चाललं असतं बहुतेक.

पाटीच्या एका बाजूला ते वाक्य होतं. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत एकच शब्द: 'बाहेर'. ज्यानं लिहिला त्याला कळलं नसेल, किंवा चांगलं कळलं असेल. बाईच्या गळ्यात 'बाहेर' म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. घराघरांत बाहेरची झाली की कोपऱ्यात बसवतात. इथं तेच गळ्यात लटकवून, प्रेसवरच्या सगळ्या पुरुषांसमोरून, शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. त्या चार दिवसांत तर पुन्हा पुन्हा. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, आज कोण बाहेर? मग ते रोजचंच झालं. विलास ऐकायचा आणि खाली मान घालून हसायचा.

विलास आधी असा नव्हता. तो वाशिंदचा, शेतकरी घरातलाच. त्याची आई भाजी विकायची असं तोच सांगायचा. पावसात आमची गाडी अडकली होती तर त्यानं स्वतः उतरून ढकलली होती. पण पाटी त्याच्या खिळ्याला आली आणि माणूस बदलला. का, हे मला नंतर कळलं. त्यालाही वरून विचारायचे, तुझ्या बाया किती वेळ बाहेर असतात. त्यालाही तोच परिवार, तीच भिंत. पण हे कळलं म्हणून मी त्याला सोडून देत नाही. माझ्या मानेला धरलेली दोरी त्याच्या हातात होती.

आम्ही काय केलं? आम्ही पाणी प्यायचं सोडलं. कुणी ठरवलं नाही, आपोआपच झालं. बाटल्या भरलेल्या यायच्या, भरलेल्या जायच्या. उन्हाळा, वर पत्रा, मागं तापलेल्या प्रेस. ओठ सुकून चिकटायचे. मॅडम शेडमध्ये आल्या की म्हणायच्या, आता बायकांचं काम किती शांतपणे चालतं.

माझ्या शेजारी चांगुणामावशी बसायची. किन्हवलीच्या पलीकडची, मुरबाडच्या हद्दीतली. नवरा नाही, मुलीचं लग्न झालेलं, एकटी राहते. पहाटे निघून एसटीनं शहापूरला यायची, तिथून कंपनीची गाडी. मी कामाला लागले तेव्हा कात्री कशी धरायची हे तिनं शिकवलं, आणि मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली सुकटीची चटणी मला मिळायचीच. ती कधी कुणाला उलटून बोलायची नाही. तिला लघवीला जळजळ व्हायला लागली तेही तिनं कितीतरी दिवस सांगितलं नाही. एक दिवस कात्री हातातून पडली आणि ती बाकावरच कलंडली. अंग तव्यासारखं तापलं होतं.

मी तिला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, पाणी पीत नाहीस का. मावशी माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, पाणी प्यालं तर जावं लागतं. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी थट्टा करते. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. औषधं लिहून दिली आणि म्हणाल्या, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल.

बाहेर येऊन बाकड्यावर बसलो तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "कुनाला सांगू नको गो. काढतील मला."

घरी गेले तेव्हा मी बाला सगळं सांगितलं. पाटीचं इतके दिवस सांगितलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार, मालक आहे म्हणून मिरवून झालं होतं. बा अंगणात दोर वळत होता. त्यानं दोर बाजूला ठेवला. मग म्हणाला,

"वढाळ गुराच्या गळ्यात आमी लोढनं बांधतो. ते लोकांच्या शेतात घुसतं म्हनून. तू कुनाच्या शेतात घुसलीस?"

लहानपणी मी गुरं राखलीत. लोढणं बांधलेलं जनावर कसं चालतं मला ठाऊक आहे. लाकूड पुढच्या पायांत अडकतं, म्हणून ते मान वाकडी करून चालतं. काही दिवसांनी लोढणं काढलं तरी मान तशीच राहते. मला भीती वाटली ती त्याची. अपमानाची नाही, मान तशीच राहील याची.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मला वाटत होतं त्यांना हे माहीत नसणार. बाई आहे, समजावून सांगितलं तर कळेल. मावशीचं नाव न घेता मी सांगितलं की बाया पाणी पीत नाहीत, आजारी पडतात, पाटी काढा.

मॅडमनी मला खुर्ची दिली. चहा मागवला, कपबशीत, बिस्किटासकट. आम्हाला शेडमध्ये कागदी कप असतो. मी कपाकडं बघत राहिले. साहेबलोक खुर्ची देतात तेव्हा त्यांना काहीतरी न्यायचं असतं, हे आमच्या पाड्यावर म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे जाणतात.

त्या म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, हुशार आहेस, मी तुझ्याकडं कधीपासून बघते आहे. तुला लाइन लीडर करायचं माझ्या मनात आहे. पाटी तूच सांभाळ. विलास पुरुष आहे, बायकांना अवघडल्यासारखं होत असेल. तू सांभाळलीस की तुला स्वतःला ती घालावी लागणार नाही.

मी म्हटलं, "पण बाकीच्यांना लागेल ना?"

तेव्हा त्या पुढं झुकल्या. आवाज अगदी मऊ केला. शिवी कुणी या आवाजात देत नाही, म्हणून मला पहिल्यांदा कळलंच नाही काय ऐकलं ते.

"हे बघ, तुम्ही पाड्यावरच्या मुली. तुम्हाला जंगलात मोकळं जायची सवय. तिथं कुठं वेळेचं बंधन असतं? ती सवय मोडायला थोडा त्रास होणारच. त्यात लाज वाटून घेऊ नकोस."

मी आजारपण सांगायला गेले होते. त्यांनी माझा पाडा काढला. माझी आई पहाटेच्या अंधारात हातात डबा घेऊन बांधावर जायची, साप-विंचवाला भिऊन, कुणी बघेल म्हणून भिऊन. ती यांना मोकळीक वाटली. आणि लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, ती त्यांनी मला माफ करून टाकली.

चहा मी प्यायले नाही. विचार करून सांगते म्हटलं आणि उठले. लीडर व्हायचं मनात आलं का? आलं. पाटी घालावी लागणार नाही, या एका गोष्टीसाठी आलं. शेडपर्यंत चालत येईस्तोवर गेलं. पाटी माझ्या हातात आली असती तर बाया माझ्याकडं ज्या नजरेनं बघणार होत्या ती नजर मला माहीत होती. मी विलासकडं तसंच बघत होते.

मग पाहुणे येणार असं कळलं. आमच्या रिंगा विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं, सगळी कंपनी फिरून बघणार होती. मॅडमनी मला बोलावून चार वाक्यं पाठ करायला दिली. मी इथं कामगार नाही, घरची आहे. मला इथं मान मिळतो. असली वाक्यं. मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं. गप्प बसलेल्या माणसाचं हो धरायची त्यांना सवयच असते.

पाहुणे यायच्या सकाळी मी शेडमध्ये शिरले आणि आधी विलासच्या टेबलामागं नजर गेली. पाटी नव्हती. खिळाही नव्हता. उपटून भोकात चुना भरला होता. बायांच्या संडासात गेले तर बादली नवी, साबण नवा, दाराची मोडकी कडी बदललेली. अत्तरासारखा काहीतरी वास. मावशी माझ्या मागोमाग आली. दवाखान्यानंतर ती परत कामावर यायला लागली होती, घरी बसून खाणार काय. साबण हातात घेऊन तिनं हुंगला आणि तसाच परत ठेवला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

तिथं, त्या साबणासमोर, माझं डोकं लख्ख झालं. इतके दिवस मी समजत होते की यांना कळत नाही. पाटीनं काय होतं हे यांना माहीत नाही, कुणीतरी नीट सांगितलं पाहिजे, मी सांगितलं पाहिजे. छे. यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. माणूस लपवतो ते लाजेचंच लपवतो. पाटी चांगली असती, आमच्या सुरक्षेची असती, तर पाहुण्यांना आधी तीच दाखवली असती. समजावून सांगायचं असतं ते न कळणाऱ्याला. ज्याला कळतं आणि तरी करतो, त्याला सांगायचं काय उरतं?

पाहुणे आले. आमच्या कंपनीचे मोठे साहेब पुढं, मॅडम बाजूला. पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या, कॉटनची साडी नेसलेल्या. हातांच्या छापांची भिंत बघून त्या म्हणाल्या, छान आहे. मग सगळे आमच्या बाकांपाशी आले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की ही आमची मुलगी, हिला दोन शब्द बोलायचेत.

मी उठले. पाठ केलेलं मला सगळं येत होतं. मी मॅडमकडं बघितलं नाही, विलासकडं बघितलं.

"दादा, मला बाहेर जायचंय. पाटी द्या."

विलासचं तोंड उतरलं. तो म्हणाला, जा ना, जा. हातानं दाराकडं खूण केली.

"पाटीशिवाय कशी जाऊ? रोज गळ्यात घालून जातो. आजच का नाय?"

रागात माझं 'नाय'च येतं. शाळेनं घासून घासून 'नाही' केलेलं, ते त्या वेळेला तोंडात आलं नाही, आणि बरं झालं.

मॅडम हसत म्हणाल्या की ही जरा घाबरली आहे. पण त्या साडीवाल्या बाईंनी विचारलं, कसली पाटी? प्रेस चालूच होत्या. मला वाटलं संपलं, मी एकटी उभी आहे आणि आता एकटीच बाहेर जाणार, कायमची.

तेव्हा शेजारून कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. चांगुणामावशी उठली. ती कधी कुणासमोर मान वर करायची नाही. तिनं पदर सारखा केला, आणि पाहुण्या बाईंकडं सरळ बघत म्हणाली,

"मला पन जायाचंय. मला पन पाटी पायजे."

मग पलीकडची उठली. मग आणखी एक. ज्या हसल्या होत्या त्याही उठल्या. कुणी ओरडलं नाही. सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि पाटी मागत राहिल्या. मोठे साहेब मॅडमकडं बघत होते, मॅडम विलासकडं, विलास जमिनीकडं. शेवटी मीच त्या बाईंना सांगितलं, पाटी काय, तिच्यावर काय लिहिलंय आणि मावशीला काय झालं. भाषण करून नाही. रोजचं जसं आहे तसं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या चांगल्या होत्या की नुसत्या शहाण्या, मला सांगता येत नाही. जाताना त्यांनी आपल्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांच्या भरवशावरही मी बसले नाही.

पाटी परत आली नाही. लोक म्हणतात, जिंकलीस. मी म्हणते, थांबा.

कारण पुढं काय झालं ते ऐका. मला वाटलं मला काढतील. मी डबा वगैरे सगळं आवरून ठेवलं होतं. पण मला काढलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सतरंजी घातली, पुन्हा टाळ्या. मॅडम माइकवर म्हणाल्या की आपल्या परिवारातल्या एका मुलीनं मनमोकळं बोलण्याचं धाडस दाखवलं, हाच तर मालकाचा गुण, म्हणून या महिन्याची मालकीण ती. माझ्या फोटोची चौकट तयार होती. विलासनं चिडवायला दिलेलं नाव मॅडमनी चौकटीत घातलं, काच लावून.

मी उठले, आणि सवयीनं शेजारी बघितलं. मावशीची जागा रिकामी होती. सकाळी गाडीतही ती नव्हती, पण मला वाटलं होतं एसटी चुकली असेल. मागच्या बाईनं हळूच सांगितलं. ठेकेदारानं तिला शहापूरलाच अडवलं होतं. तब्येत बरी नसते तुझी, घरी बस म्हणाला. संपलं.

मग मला चौकटीचा अर्थ लागला. पाटी आधी मागितली ती आम्ही दोघींनी. एक शिकलेली, तिच्या मागं पाडा, बोलून गावभर करेल. तिला काचेत घातलं. एक म्हातारी, एकटी, कुणाला बोलायची नाही. तिला काढलं. बाकीच्या बायांनी दोन्ही बघायचं आणि काय ते शिकायचं. केवढी अक्कल लागते या कामाला. खिळा उपटून भोक बुजवायची तीच अक्कल.

मी पुढं गेले. मॅडमनी चौकट माझ्याकडं केली. मी हात मागं घेतले. माइक त्यांनी स्वतःच माझ्यासमोर धरला होता, मी आभार मानेन असं वाटून.

मी म्हटलं, "मी मालकीण नाय. मी कामगार आहे. चांगुणामावशी पन कामगार आहे. ती कुठाय?"

त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. पण सतरंजीवरून कुणी हललंही नाही. मॅडमनी बेल वाजवायला सांगितली, बेल वाजली, तरी बाया बसून राहिल्या. प्रेसवरचे पुरुष आपले उठून गेले. त्यांतला एक जाता जाता मागं वळला आणि परत येऊन कडेला बसला. एकच. बाकीचे आले नाहीत, आणि मी त्यांची वाटही बघत नाही.

शेवटी मोठे साहेब आले आणि बघतो म्हणाले. तेवढ्यावर आम्ही उठलो. उठायला नको होतं असं आता वाटतं, पण त्या दिवशी तेवढंच बळ होतं.

मावशीला अजून घेतलेलं नाही. संडासाच्या दारासमोर भिंतीवर कॅमेरा बसला आहे, तोही म्हणे आमच्या सुरक्षेसाठीच. विलास आता मला ताई म्हणतो. मॅडम वाढदिवसाला केक आणतात, नाव विचारून त्यावर लिहून घेतात. मी केक खाते. भूक लागलेली असते. पण केकमुळं काही विसरत नाही.

मी रिंगा अजूनही चांगल्याच कापते. ते मी त्यांच्यासाठी कधी केलं नव्हतं, आता त्यांच्यावर रागावून ते बिघडवणार नाही. माझ्या हाताचं काम माझं. ते करून घेण्यासाठी मला कुणी मालक म्हणायची गरज नाही, घरची म्हणायचीही नाही. मला घर आहे. मला कामगार म्हणा, आणि कामगाराचं जे असतं ते सगळं द्या. कागदावर नाव द्या. आजारी पडले तर सुट्टी द्या. जायचं असेल तेव्हा जाऊ द्या, यायचं असेल तेव्हा मी येईनच.

माझ्या शेजारच्या जागेवर ठेकेदारानं एक नवी पोर पाठवली होती. आम्ही सगळ्या सरकून तिला पलीकडं बसवलं. पोर बिचारी चांगली आहे, तिला सगळं सांगितलं, तिला पटलं. त्या जागेवर कुणी बसत नाही. रोज सकाळी काम चालू करायच्या आधी मी विलासला विचारते, चांगुणामावशीला कधी घेताय. आधी मी एकटीच विचारायची. आता माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी कुणीतरी दुसरीच विचारते. तो म्हणतो, वर विचारलंय. आम्ही म्हणतो, उद्या परत विचारू.

मला काढतील, मला माहीत आहे. आज ना उद्या, गोड बोलून, शहापूरच्या स्टॅंडवरच अडवून. पण गाडीत चढू दिलं नाही तरी मी घरी जाणार नाही. मी चालत आटगावला येईन, गेटवर उभी राहीन आणि ज्यांनी काढलं त्यांना सगळ्यांच्या देखत तोंडानं सांगायला लावीन, का काढलं ते. चांगुणामावशीला मी विचारलंय. तीही माझ्याबरोबर उभी राहणार आहे.